माझ्या मरणाची तारीख

५ मे, सोमवार

डॉक्टरने ही वही हातात दिली आणि म्हणाला, "रोज सकाळी ब्लड प्रेशर मोजायचं आणि यात लिहायचं. दिवसभरात कशाचा त्रास झाला तेही लिहायचं." मी म्हटलं, वही पुरायची नाही. तो हसला. मी काही विनोद केला नव्हता.

तर आजचं ब्लड प्रेशर: वरचं एकशे अठ्ठावन्न. कशाचा त्रास झाला: दुकानात मी मेले.

म्हणजे नेहमीचंच. मी गोठवलेल्या वाटाण्यांच्या कपाटापाशी उभी होते आणि छतातल्या स्पीकरमधून डेलबर्ट गायला लागला, "आईच्या दगडावर पाऊस." डेलबर्ट माझा एकुलता एक मुलगा. जग त्याला डेल स्टॅलार्ड म्हणतं. मोठी टोपी, ताटलीएवढं पट्ट्याचं बक्कल, कंट्री गाण्यांतला सध्याचा पहिल्या नंबरचा माणूस. हे गाणं माझ्या थडग्यावर आहे. गाण्याप्रमाणे मी वारले, ओव्हनमध्ये बिस्किटं जळाली आणि पोरगा आता दगडाला मिठी मारून रडतो.

माझ्या शेजारी एक बाहेरगावची बाई वाटाण्याची पिशवी डोळ्यांना लावून उभी होती. म्हणाली, "हे गाणं लागलं की मला राहवतच नाही. बिचारीची बिस्किटंसुद्धा जळाली हो."

"आर्डिथ स्टॅलार्डची बिस्किटं जन्मात कधी जळली नाहीत," मी म्हटलं आणि माझी गाडी पुढे ढकलली.

मेल्याचं मला वाईट वाटत नाही. माणूस कधीतरी मरायचाच. पण बिस्किटं?

डेलबर्टचं म्हणणं असं की त्याचा यात दोष नाही. नॅशव्हिलमध्ये गाणी वेळ ठरवून लिहितात, दाताच्या डॉक्टरकडे जावं तशी. सकाळी अकराला तीन माणसं एका खोलीत बसतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाचं तरी काळीज फोडून उठतात. त्या दिवशी त्यातल्या एकाची आई खरंच गेली होती. गाणं त्याच्या आईचं, गळा माझ्या मुलाचा. मग रेडिओवाल्याने विचारलं, "डेल, आई कधी गेल्या?" डेलबर्टला लहानपणापासून गवताच्या फुलोऱ्याची ॲलर्जी. डोळे गळत होते, नाक बंद होतं, तोंडातून शब्द फुटेना. तो "नाही हो, आहे" म्हणेपर्यंत पेपरात छापून आलं.

आमच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे की मी धडधाकट आहे. पण इथले लोक बाहेरच्या माणसाला नदीकडे जायचा रस्ता सांगत नाहीत, ते हे काय सांगणार.

११ मे, रविवार

ब्लड प्रेशर मोजलं नाही. आज मदर्स डे.

चर्चमध्ये आज सगळ्यांनी फुलं लावली होती. आई असेल त्याने लाल, नसेल त्याने पांढरं. डेलबर्ट लहान असताना त्याचे वडील, माझा व्हर्नन, ओट्याशेजारच्या वेलीवरचा लाल गुलाब तोडून त्याच्या शर्टाला लावायचे. काटा टोचला म्हणून पोरगं दर वर्षी भोकाड पसरायचं.

दुपारी टीव्ही लावला. डेलबर्ट गात होता. कोटाला पांढरं फूल.

पांढरा रंग त्याला खुलतो. काळ्या कोटावर उठून दिसतो. मी टीव्ही बंद करून खिळ्यावरचं त्याचं जॅकेट धुवायला घेतलं. तीन वर्षांपूर्वी इथे विसरून गेला तेव्हापासून तिथेच टांगलेलं आहे. कसर लागू नये म्हणून धुवावं लागतं, बाकी काही नाही.

संध्याकाळी शेजारचा हॉईट ब्लेडसो त्याची शिडी न्यायला आला. मी ती मार्चमध्ये छपरासाठी मागून आणली होती. ताक प्यायला, ओट्यावर बसून पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि शिडी न घेताच गेला. हे रोजचं झालंय. बायको गेल्यापासून माणूस विसराळू होत चाललाय.

१४ मे, बुधवार

वरचं एकशे बासष्ट.

डेलबर्टचा फोन. "आई, एक छोटीशी विनंती आहे, रागावू नकोस." मागच्या वेळी तो असं म्हणाला तेव्हा मी वारले होते, म्हणून मी खुर्ची ओढून बसले.

झालं असं की त्याच्या चाहत्यांना आमची दफनभूमी सापडली. व्हर्नन गेला तेव्हा आम्ही दोघांचा मिळून एकच दगड केला, इथे करतात तसा. डाव्या बाजूला त्याचं नाव आणि दोन्ही तारखा. उजवीकडे माझं नाव, जन्मतारीख, एक आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा. दर वर्षी मी त्या मोकळ्या जागेवरचं शेवाळ ब्रशने घासते. दुसरं कोण घासणार?

चाहत्यांनी त्याचा फोटो काढून सगळीकडे पाठवला. डेल स्टॅलार्ड आईच्या नावाने रडून बंगले बांधतो आणि त्याच आईच्या दगडावर मरणाची तारीख कोरायला त्याला सवड नाही. लोकांनी त्याला धू धू धुतला. मला आधी वाटलं, बरं झालं. मग वाटलं, माझ्या पोराला बोलणारे हे कोण?

"आता चाहत्यांचा क्लब स्वतःच ती तारीख कोरून देणार आहे," डेलबर्ट म्हणाला. "डेकोरेशनच्या रविवारी. टीव्हीवाले येणार आहेत. मी येऊन थडग्यावर फुलं वाहायची, गाणं म्हणायचं, की मिटलं."

"आणि मी?"

"तू त्या दिवशी गॅटलिनबर्गला जा. मस्त हॉटेल बघतो. आत पोहायचा तलाव आहे."

"मला पोहता येत नाही."

"मग काठावर बस ना, आई."

डेकोरेशनचा रविवार म्हणजे जूनमधला आमचा सगळ्यात मोठा दिवस. सगळं खोरं दफनभूमीत जमतं, आपापल्या माणसांची थडगी साफ करून फुलं घालतं आणि तिथेच झाडाखाली लांब टेबलं मांडून जेवतं. व्हर्नन गेल्यापासून मी एकदाही चुकवलेला नाही. नवऱ्याच्या थडग्यावर फुलं घालायची नाहीत, कारण शेजारी मी पुरलेली आहे, हा कुठला न्याय?

मी म्हटलं, "बघते." आमच्या घरात "बघते" म्हणजे नाही. पूर्वी त्याला हे कळायचं.

१९ मे, सोमवार

वानेटा गफी आली. तोंडावर दुःख आणि पायात नाचरेपणा.

"अगं आर्डिथ, ऐकलं मी. म्हणजे यंदा तू नाहीस तर. मग डंपलिंगचं कसं करायचं?"

डेकोरेशनच्या जेवणात ज्या बाईचा जो पदार्थ, तो तिचाच. दुसरीने करायचा नाही, हा अलिखित कायदा आहे. कोंबडीच्या रश्शात शिजवलेली पिठाची डंपलिंग माझी, आणि माझ्या आधी माझ्या आईची. वानेटाच्या वाट्याला फळांची जेली आली आहे, हिरवी. ती बिचारी वीस वर्षं माझ्या पातेल्याकडे बघत जेली ढवळतेय.

"अजून मरायला अवकाश आहे," मी म्हटलं.

"रेडिओवर तसं म्हणत नाहीत," ती म्हणाली. "हे बघ, मी तुझ्या आठवणीसाठीच करीन. माझं मन मोठं आहे."

मन मोठं. मागे तिने घरी केलेलं डंपलिंग कुत्र्याने पुरून ठेवलं होतं.

२३ मे, शुक्रवार

ब्लड प्रेशर मोजायला घेतलं तर यंत्राने नुसता आवाज काढला.

दुपारी दारात एक गुलाबी गाडी थांबली. आतून एक ऐसपैस बाई उतरली. ट्वायला प्रुइट, चाहत्यांच्या क्लबाची अध्यक्ष, थेट अलाबामाहून. अंगात टी-शर्ट, पुढे डेलबर्टचा चेहरा. वळली तेव्हा पाठीवर माझं थडगं.

"स्टॅलार्डांचं घर हेच ना? आपण त्यांच्या कोण?"

माझे फोटो कुठे नाहीत, मी फोटोला उभी राहत नाही. खरं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण डेलबर्टला लोक पुन्हा धुतील, हेही डोळ्यांपुढे आलं. "मी तिची बहीण," मी म्हटलं. "ऑपल." आमच्या म्हशीसारख्या लठ्ठ मांजरीचं नाव ऑपल होतं, तेच आठवलं.

"ऑपलमावशी," म्हणून तिने मला जी मिठी मारली ती मला बरगडीत अजून जाणवतेय. मग डोळे पुसून म्हणाली, "कशा होत्या हो आर्डिथबाई? सगळं सांगा."

आता खोटं बोलायचंच तर हात कशाला आखडायचा. मी म्हटलं, दिसायला फार सुरेख. मनाने लोणी. कामाला वाघ. उभ्या खोऱ्यात तिच्यासारखी डंपलिंग कुणाला जमली नाहीत, वानेटा गफीला तर मुळीच नाही. बोलता बोलता मलाच माझ्या जाण्याचं फार वाईट वाटायला लागलं. आम्ही दोघी थोडा वेळ रडलो.

"आणि ती बिस्किटं खरंच जळाली?"

"जळाली नाहीत. हे तुमच्या क्लबात सगळ्यांना सांगा."

तेवढ्यात हॉईट मागच्या दाराने आत आला. "आर्डिथ, ती शिडी तेवढी..."

ट्वायला उडालीच. मी घाईने म्हटलं, "हा हॉईट, शेजारी. बहीण गेल्यापासून जरा बिथरलाय. मला तिच्याच नावाने हाक मारतो."

हॉईटने माझ्याकडे पाहिलं. ट्वायलाच्या पाठीवरच्या थडग्याकडे पाहिलं. मग टोपी काढून हळूच बसला. "सवय जात नाही," म्हणाला.

"तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"शाळेपासून. तिला एक गोष्ट सांगायची होती. व्हर्ननने माझ्या आधी सांगितली. मग माझंही लग्न झालं, चांगलं झालं. दोघंही एकटे राहिलो तेव्हा वाटलं, आता सांगू, उद्या सांगू. रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर यायचो. आणि बघा, ती मेलीच."

ट्वायला हुंदके देऊन रडली. मी तोंडावर ॲप्रन धरला, हसू येऊ नये म्हणून. हॉईट चर्चचा डीकन आहे, पाद्र्यांच्या हाताखालचा. इतकं सफाईदार खोटं बोलता येत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. शेजारधर्म म्हणतात तो हाच. जाताना शिडी मात्र पुन्हा विसरला.

मग ट्वायलाने पर्समधून पेन काढलं. "मावशी, एकच राहिलं. दगडावर कोरायला तारीख हवी. डेलच्या ऑफिसात विचारलं तर म्हणतात, त्याला फार त्रास होतो, विचारू नका. आर्डिथबाई कधी गेल्या?"

आपल्या मरणाची तारीख कुणी कधी विचारेल, असं मनात तरी येतं का? मी विचार केला. हिवाळा नको, जमीन कडक असते, खणणाऱ्याला त्रास. उन्हाळ्यात शेंगा बाटल्यांत भरायच्या असतात, तेव्हा मला सवड नाही. पटकन एक तारीख तोंडात आली ती सांगून टाकली. १७ ऑक्टोबर, तीन वर्षांपूर्वीची. डेलबर्टचा वाढदिवस, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर विसरायला नको. त्या दिवशी तो शेवटचा घरी आला होता. त्याची ती प्रचंड बस ओढ्यात रुतली होती. मी सफरचंदाचा थरांचा केक केला होता, दोन दिवस मुरवून. त्याला सारखे फोन येत होते. नंतर ट्रॅक्टर लावून बस निघाली आणि त्या बसबरोबर तोही निघाला.

ट्वायलाने जाताना मला थडग्याचा एक टी-शर्ट दिला, सगळ्यात मोठ्या मापाचा. कापड चांगलं आहे. कोंबड्यांना दाणे टाकताना घालीन.

२ जून, सोमवार

हॉईटने गाडीतून दफनभूमीत नेलं. दगडावर ट्वायलाने गोधडी घालून ठेवलीय, रविवारी सगळ्यांसमोर काढायची म्हणून. हॉईटने कोपरा उचलला. मी माझी तारीख पाहिली. अक्षर सुबक आहे, व्हर्ननच्या अक्षराशी जुळतं.

"कसं वाटतंय?" हॉईटने विचारलं.

"थंडी वाजल्यासारखं," मी म्हटलं. त्याने आपला कोट काढून मला दिला. बाहेर चांगलं कडक ऊन होतं.

ट्वायलाचा फोन आला होता. ऑपलमावशीने पहिल्या रांगेत बसलंच पाहिजे म्हणते. मी हो म्हटलं. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. डेलबर्टला काही कळवलं नाही. त्याला वाटतंय मी गॅटलिनबर्गला तलावाच्या काठावर बसणार आहे.

८ जून, रविवार

सगळं आजच लिहून काढते. उद्या वानेटा येऊन तिच्या पद्धतीने सांगायला लागली की मलाच तिचं खरं वाटेल.

सकाळी वानेटाकडून मागून आणलेली खोट्या फळांची टोपी घातली, मोठा काळा चष्मा लावला आणि हॉईटच्या हाताला धरून गेले. ट्वायलाच्या दोन बसा आल्या होत्या. जिकडे बघावं तिकडे लोकांच्या पाठीवर माझं थडगं. आमच्या खोऱ्यातले लोक येता जाता मला गंभीरपणे म्हणत होते, "बहीण गेल्याचं ऐकून वाईट वाटलं, ऑपल." कुणाचाही ओठ हलला नाही. अशी माणसं पैसे देऊन मिळत नाहीत.

टेबलावर जिथे माझं पातेलं असतं तिथे वानेटाचं होतं. पुढे चिठ्ठी: "आर्डिथच्या शेवटच्या इच्छेनुसार." मी दात आवळले. वरचं दोनशे तरी झालं असेल.

डेलबर्ट आला. पांढरा सूट, पांढरी टोपी, पांढरं फूल. बारीक झालाय. पहिल्या रांगेकडे त्याने बघितलंच नाही.

आधी ब्रदर एल्मर बोलायला उठले. आमचे पाद्री खोटं बोलत नाहीत. पोटदुखी असली तर "बरा आहे" सुद्धा म्हणत नाहीत. मला त्यांचीच धास्ती होती. त्यांनी बराच वेळ घसा साफ केला आणि म्हणाले, "आर्डिथ स्टॅलार्ड आज आपल्यात आहे." दोन्ही बसांतल्या बायका रडल्या. "मला तर ती इथे, अगदी समोर बसल्यासारखी दिसते." आणखी रडल्या. "ती शांत झाली आहे असं मी म्हणू शकत नाही. तिला ओळखणारा कुणीच म्हणणार नाही." एवढं बोलून ते घाम पुसत खाली बसले.

मग टीव्हीवरच्या मुलीने डेलबर्टपुढे माइक धरला. "डेल, आई गेल्या तो दिवस आठवतो?"

"विसरणं शक्य नाही," डेलबर्ट म्हणाला, आवाज गाण्यातल्यासारखा जड करून. "एप्रिल होता. पाऊस पडत होता."

ट्वायलाने गोधडी ओढली.

सगळे वाकून वाचायला लागले. टीव्हीवरच्या मुलीने हातातला कागद बघितला, मग दगड बघितला. "ऑक्टोबर," ती म्हणाली. "सतरा ऑक्टोबर. हा तर तुमचा वाढदिवस ना?"

मला वाटलं डेलबर्ट काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. बोलण्यात तो हुशार आहे. पण तो दगडाकडे बघतच राहिला. त्याचे ओठ हलत होते, वर्ष मोजत असावा. मग तो तिथेच गवतात बसला, पांढऱ्या सुटासकट. टोपी काढली. मागच्या बायकांनी श्वास रोखला, कारण त्याला टक्कल पडलंय हे क्लबात कुणाला माहीत नव्हतं. मला वाटलं ऊन लागलं.

"ही तारीख कुणी दिली?" त्याने विचारलं. हा आवाज गाण्यातला नव्हता.

"ऑपलमावशीने," ट्वायला म्हणाली.

"कोण ऑपलमावशी? ऑपल आमची मांजर होती."

आता सगळं खोरं आणि दोन्ही बसा माझ्याकडे बघायला लागल्या. हॉईटने माझा हात धरलेला होता तो सोडला नाही. डेलबर्टने माझ्याकडे पाहिलं. टोपीवरच्या केळ्यापासून खाली, माझ्या बुटांपर्यंत.

"आई," तो म्हणाला, "त्या दिवशी मी केक अर्धाच खाल्ला होता."

"अर्धा नाही," मी म्हटलं. "हातसुद्धा लावला नव्हतास. कोंबड्यांनी खाल्ला."

त्याचा चेहरा पाच वर्षांच्या पोरासारखा झाला, काटा टोचल्यावर व्हायचा तसा. ॲलर्जी जूनमध्ये फार नसते, तरी डोळे गळायला लागले. उगाच तारीख दिली असं झालं. मी लक्षात राहावी म्हणून दिली होती, त्याला रडवायला नाही.

"मला वाटायचं, गाण्यानंतर कुठल्या तोंडाने घरी येऊ," तो म्हणाला. "रोज वाटायचं. माझी जिवंत आई. मी तिला..." माइक अजून त्याच्या तोंडापुढेच होता, त्याने तो बाजूला सारला. बराच वेळ नाक ओढलं. मग म्हणाला, "आई, भूक लागलीय गं. डंपलिंग आहेत?"

"वानेटाने केलीत," मी म्हटलं. "मी मेलेय ना."

आधी हॉईट हसला. मग ब्रदर एल्मर. मग सगळं खोरं, दोन वर्षांचं दाबून ठेवलेलं हसू. ट्वायला मात्र माझ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी. "म्हणजे तुम्हीच त्या?"

"हो बाई."

"मी दोन वर्षं तुमच्यासाठी रडतेय."

"माहीत आहे. तू मनापासून रडतेस, म्हणून तर सांगवेना."

ती डेलबर्टकडे वळली आणि त्याला इतकं बोलली, इतकं बोलली की माझं काम वाचलं. "आई असून पांढरं फूल लावतोस? लाज नाही वाटत?" मग पुन्हा माझ्याकडे येऊन मला मिठी मारून थडग्यापाशी रडली होती त्याच्या दुप्पट रडली. दुसरी बरगडी गेली.

डेलबर्टने कोटाचं फूल काढलं. टाकलं नाही, वडिलांच्या बाजूला ठेवलं. मग आम्ही दोघांनी मिळून व्हर्ननचा दगड घासला. माझी बाजू त्याने घासली.

वानेटाचं डंपलिंग त्याने एक खाल्लं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता गिळलं. पोराला वळण चांगलं लागलंय.

१६ जून, सोमवार

वरचं एकशे अडतीस.

नॅशव्हिलमध्ये मोठा गोंधळ चाललाय म्हणे. रेडिओवाल्यांनी गाणं बंद केलं. मग लोकांनी हसायला म्हणून मागायला सुरुवात केली, तेव्हा पुन्हा सुरू केलं. डेलबर्टने सगळीकडे खरं सांगून टाकलं आणि आता एक नवीन गाणं लिहिलंय, एकट्याने, वेळ न ठरवता: "आई जिवंत आहे आणि रागावली आहे." मला फोनवर म्हणून दाखवलं. त्यात बिस्किटं जळत नाहीत. रेडिओवाले म्हणतात, उदास नाही, चालायचं नाही. पण ट्वायलाने त्याचे टी-शर्ट आधीच छापलेत.

दगडवाला म्हणतो, कोरलेलं काही पुसता येत नाही, लांबी भरून बुजवता येईल. मी म्हटलं, राहू दे.

हॉईट शिडीसाठी आला होता. बराच वेळ टोपी फिरवत बसला. म्हणाला, "आर्डिथ, तुझं आणि व्हर्ननचं लग्न मरेपर्यंत होतं ना? पाद्र्यासमोर तसंच म्हणतात."

"हो. मग?"

"आता दगडावर लिहिलंय की तूही मेलीस. म्हणजे दोन्हीकडून ते पूर्ण झालं."

मी म्हटलं, "तुझी शिडी गोठ्यामागे आहे." तो मोठ्याने हसला आणि शिडी न घेता घरी गेला. या माणसाचं कसं होणार?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज माझी पुण्यतिथी.

डेलबर्ट काल संध्याकाळीच आला. बस नाही, स्वतः गाडी चालवत. फाटकाचा एक खांब पाडला, पण आला. जॅकेट टांगायला गेला तर खिळ्यावर त्याचं जुनं जॅकेट. तो तिथेच उभा राहिला. मी म्हटलं, अरे, कसर लागते म्हणून धुते. तो "हो आई" म्हणाला आणि दोन्ही जॅकेटं एकाच खिळ्यावर टांगली.

नवीन गाणं रेडिओवर फार वाजत नाही. तो म्हणतो, जिवंत आईला बाजारभाव कमी आहे. पण गावोगावी तो ते म्हणतो तेव्हा लोक उठून आपापल्या घरी फोन लावतात. कार्यक्रम मध्येच थांबतो. मॅनेजर वैतागलाय.

केक तीन वेळा वाढून घेतला. फोन वाजला तर त्याने तो ओव्हनवरच्या रिकाम्या पातेल्यात टाकून झाकण ठेवलं. ट्वायलाचं कार्ड आलं, "पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा." आत तिची आणि क्लबातल्या सगळ्यांची सही. वानेटाने हिरवी जेली पाठवली. डंपलिंगची जागा तिने मुकाट्याने परत दिलीय.

संध्याकाळी हॉईट आला. ताक प्यायला, केक खाल्ला, डेलबर्टला बस कशी रुतली होती ते पुन्हा सांगितलं. तो गेल्यावर डेलबर्टने विचारलं, "आई, ती शिडी कुणाची?"

"हॉईटची. मार्चपासून न्यायला येतोय. रोज विसरतो."

डेलबर्ट हसता हसता खुर्चीवरून घसरला. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. मग पुढे येऊन त्याने माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाला, "आई, त्याला उद्या जेवायलाच बोलाव."

बोलावते. वानेटाची जेली कुणीतरी संपवायला हवी.

ब्लड प्रेशर: वरचं एकशे बावीस. मेल्यापासून तब्येत बरी आहे.